तुकारामांच्या अभंगांतील दंभस्फोट : दुष्काळ, माप आणि काव्यरीती

मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासात ‘दंभस्फोट’ ही संज्ञा इतकी रूढ झाली आहे की तिच्या पोटात नेमके काय येते याची चौकशी सहसा केली जात नाही. तुकारामांचे चारदोन परखड अभंग उद्धृत करावयाचे, त्यांची भाषा रोखठोक आहे असा शेरा मारावयाचा आणि पुढील प्रकरणाकडे वळावयाचे, ही पाठ्यपुस्तकांची ठरलेली पद्धत होऊन बसली आहे. त्यामुळे दंभस्फोट हा कवीच्या स्वभावाचा, फार तर त्याच्या नैतिक संतापाचा भाग मानला जातो. काव्यरीतीचा भाग मानला जात नाही. संतांच्या सामाजिक कार्याविषयी झालेल्या वादानेही ही उणीव भरून काढली नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या सत्तेच्या इतिहासात संतांच्या चळवळीस राष्ट्रोदयाचे श्रेय दिले, राजवाड्यांनी ‘संताळे’ असा शब्द योजून तिच्यावर निवृत्तीचा ठपका ठेवला, गं. बा. सरदारांनी १९५० साली ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ या ग्रंथात या दोन टोकांमधून वाट काढली. या तिघांचाही प्रश्न परिणामाचा आहे. संतवाणीने समाजात काय घडविले, हे ते विचारतात. ती वाणी दांभिकाला उघडा पाडते तो कोणत्या उपायांनी, आणि ते उपाय तिला कोठून सापडले, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

या प्रश्नाचे उत्तर तुकारामांच्या पुरते तरी बऱ्याच निश्चितपणे देता येते. त्यांच्या दंभस्फोटाचे मुख्य साधन मापन हे आहे. निंदा त्याच्या मागून येते. दुकानात धान्य मोजलेल्या, खते सांभाळलेल्या आणि स्वतःचे दिवाळे पाहिलेल्या माणसाने व्यवहारातील माप धर्माला लावले. त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात त्याने शास्त्रवचन ठेवले नाही, भुकेला व निराधार मनुष्य ठेवला.

या विवेचनाला आधार कोणत्या पाठाचा, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली इंदुप्रकाश छापखान्याची गाथा १८६९ पासून निघू लागली. तिच्या आधारे १९५० साली मुंबई सरकारने पुनर्मुद्रित केलेल्या गाथेत ४,६०७ अभंग आहेत. याउलट वि. ल. भावे यांनी संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून छापलेल्या गाथेत अभंगांची संख्या याच्या तिसऱ्या हिश्श्याहून फार अधिक नाही. परंपरेने वाढत गेलेल्या संग्रहातील प्रत्येक अभंग तुकारामांच्याच मुखातून निघाला असे कोणी म्हणणार नाही. तथापि येथे ज्या रीतींचा विचार करावयाचा आहे त्या एकदोन अभंगांवर अवलंबून नाहीत. त्या संग्रहभर आढळतात, आणि म्हणूनच एखादा अभंग वगळला तरी मूळ निष्कर्षास बाध येत नाही.

आता पार्श्वभूमी. तुकारामांच्या जन्मशकाविषयी मतभेद असले तरी शके १५३० (इ.स. १६०८) हे वर्ष सामान्यतः ग्राह्य धरले जाते. देहूचे हे घराणे कुणब्याचे, पण व्यवसाय वाण्याचा. शिवाय पेठेची महाजनकी घराण्याकडे होती. जातीने शूद्र आणि धंद्याने वैश्य, असे स्वतः तुकारामांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात नोंदविले आहे, आणि या दुहेरी स्थानाचे महत्त्व पुढे दिसून येईल. ऐन तारुण्यात त्यांच्यावर जो दुष्काळ कोसळला तो शके १५५१-५२ च्या सुमाराचा, म्हणजे इतिहासात १६३०-३२ चा दख्खन व गुजरातचा दुष्काळ म्हणून प्रसिद्ध असलेला. १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवरच्या प्रेतांचे वर्णन लिहून ठेवले आहे. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी तर बाजारात बकऱ्याच्या मांसाच्या नावाखाली कुत्र्याचे मांस विकले गेल्याचे आणि हाडांची पूड पिठात मिसळली गेल्याचे सांगतो. पुणे प्रांताच्या वाट्याला अवर्षणाबरोबर लष्करही आले. निजामशाही मोडकळीस आली होती, शहाजीराजांची जहागीर राजकारणाच्या वावटळीत सापडली होती, आणि याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उजाड केले. देहू तेथून काही कोसांवर.

या आपत्तीत तुकारामांचे दुकान बसले, पत गेली, वडील पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतोबा मृत्यू पावले. पत्नी अन्न मागता मागता मेली, हे त्यांनीच सांगितले आहे. हा उल्लेख एका चरणाचा आहे, आणि त्यात शोकाचा विस्तार नाही. ज्या क्रमाने तो येतो तो मात्र अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे: आधी द्रव्य आटले, मग मान गेला, मग बायको गेली. एखादा वाणी आपली वही वाचून दाखवीत असावा, तशी ही नोंद आहे. भावनेचा ठाव हिशेबाच्या भाषेत घेण्याची ही सवय तुकारामांच्या साऱ्या रचनेत मुरलेली आहे.

लाहोरीच्या वृत्तांतात आणखी एक नोंद आहे, आणि तुलनेसाठी ती उपयोगी पडते. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगरे उघडली आणि दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस सोमवारी मिळून १ लाख रुपये गरिबांना वाटले, असे तो लिहितो. नोंद खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु ती कोणत्या बाजूने केलेली आहे हे पाहावे. येथे मोजले जाते ते देणाऱ्याचे औदार्य. घेणाऱ्याची भूक मोजलेली नाही. धर्मकृत्याची मोजदाद दात्याच्या बाजूने करण्याची ही रीत एकट्या मुघल दरबाराची नव्हती. व्रते, दाने, यात्रा, जपसंख्या, ब्राह्मणभोजनाची पाने या सर्वांचा हिशेब तत्कालीन धर्मजीवनात कर्त्याच्या खात्यावर जमा होत असे. तुकारामांनी हिशेब टाकून दिला नाही. त्यांनी खाते बदलले.

त्यांच्या शब्दसंग्रहात बाजारातील शब्द ठायी ठायी येतात. नाणे खरे की खोटे, माप पुरे की उणे, दिवाळे, भांडवल, नफा-तोटा, धन्याचा माल आणि तो वाहणारा हमाल. आपण कवित्व करतो म्हणजे काय करतो, हे सांगतानाही त्यांनी स्वतःस माप घालण्यासाठी बसविलेला मनुष्य म्हटले आहे. या प्रतिमेकडे केवळ विनयाचा उद्गार म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तीत अधिकाराचा दावा आहे. माल आपला नाही, म्हणून त्यात लबाडी करण्याचे कारण नाही. पण माप आपल्या हातात आहे, आणि ते कोणाचे तोंड पाहून भरावयाचे नाही. वेदाच्या अर्थाचा खरा ठाव पाठकांना नसून आपल्याला आहे, त्यांच्याकडे केवळ ओझे आहे, असे ज्या अभंगात ते म्हणतात तेथेही हेच रूपक काम करते: माल वाहणे निराळे, मालाची पारख निराळी. ज्याला अक्षर घोकण्याचा अधिकार नाही असे समाजाने ठरविले त्याने पारखीचा अधिकार घेतला, हे वाघोलीच्या रामेश्वरभट्टांसारख्या विद्वानास का खपले नसेल, ते यावरून कळते. पुढे हेच रामेश्वरभट्ट त्यांचे अनुयायी झाले. देहूतील मंबाजी गोसाव्याच्या छळाची व वह्या पाण्यात बुडविल्याच्या प्रकरणाची साक्ष समकालीन बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत मिळते, ही गोष्ट येथे महत्त्वाची. कारण तुकारामचरित्राचे बाकीचे बरेचसे तपशील महिपतीच्या, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनंतरच्या, ग्रंथांवर उभे आहेत.

मापनाची ही वृत्ती रचनेत कशी उतरते हे पाहण्यासाठी प्रथम छंदाकडे वळले पाहिजे. मोठ्या अभंगाच्या प्रत्येक कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत जुळते. चौथा चरण आखूड आणि यमकाबाहेरचा. ऐकणाऱ्याचा कान तिसऱ्या चरणाशी तृप्त झालेला असतो आणि मग हा चार अक्षरांचा तुकडा येतो. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या परंपरेत या आखूड चरणात बहुधा भाव विसावतो. तुकाराम दंभस्फोटाच्या अभंगांत त्याचा उपयोग तराजूचा काटा म्हणून करतात. तीर्थाला जाऊन तू काय मिळविलेस, असा प्रश्न करणारा त्यांचा अभंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. पहिल्या दोन चरणांत प्रश्न, तिसऱ्यात कातडे धुतल्याची कबुली, आणि चौथ्या चरणात केवळ ‘पृष्ठभागावर’ या अर्थाचे चारच अक्षरांचे क्रियाविशेषण. सबंध यात्रेची किंमत त्या चार अक्षरांत ठरते. पुढे साखरेत घोळलेल्या कडू वृंदावनफळाचा दृष्टांत येतो. दृष्टांत उत्तम आहे, पण तो आला नसता तरी निकाल लागून गेलेला होता.

दुसरी रीत यादीची. टिळा, टोपी, माळ, भगवी वस्त्रे, विभूती, शंख, जटा अशा बाह्य चिन्हांची मालिका लावावयाची आणि तिच्या शेवटी जी एकच वस्तू नाही तिचा उल्लेख करावयाचा. अशा अभंगांत यादी वाढू लागते तसतसा श्रोता ती वस्तूंची मोजणी म्हणून ऐकू लागतो. दुकानातल्या मालाची टीप असावी तशी. मग उणे निघते ते दयेचे. येथे एक सूक्ष्म भेद करणे अवश्य आहे. दांभिकाच्या ठिकाणी भक्ती नाही, ज्ञान नाही किंवा वैराग्य नाही असे म्हणणारे अभंगही आहेतच, आणि ते जुन्या वळणाचे आहेत. वेषधारी संन्याशाची टिंगल संस्कृत प्रहसनांतही आहे. परंतु ज्या अभंगांचा आघात आजही बोथट झालेला नाही त्यांत उणीव दाखविली जाते ती दया-धर्माची, म्हणजे दुसऱ्या माणसाशी असलेल्या वर्तनाची. वैराग्य आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. दांभिक त्यावर वाद घालू शकतो. दारात आलेल्याला मूठभर पीठ मिळाले की नाही, यावर वाद घालता येत नाही.

पीडितांना जो आपले म्हणतो तोच साधू, देव तेथेच ओळखावा, असे सांगणारा सर्वपरिचित अभंग याच रीतीचा उलटा प्रयोग आहे. तो इतका पाठ झाला आहे की त्यातील मापाकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुत्रावर जेवढी दया करावयाची तेवढीच दासावर व दासीवर, हे त्यातील विधान सुभाषित म्हणून ऐकले जाते. दुष्काळात होरपळलेल्या गावात, जेथे घरातील शिधा संपत आला की प्रथम कुणब्याचा चाकर आणि घरची बटीक बाहेर काढली जात असणार, तेथे हे विधान वाटपाचा नियम म्हणून उच्चारलेले आहे. ‘तेवढीच’ हा त्यातला निर्णायक भाव. लोण्याच्या मृदुपणाची उपमा आधी येते आणि या कठोर अटीला झाकते; कीर्तनात उपमेवर बराच वेळ जातो, अटीवरून चट्कन पुढे जाता येते.

तिसरी रीत कथनाची. आणि या रीतीतील सर्वोत्कृष्ट उदाहरण म्हणजे पंढरपुरास निघालेल्या आवेचा अभंग होय. समीक्षकांनी त्याला विनोदी म्हणून बाजूस ठेवले आहे. तो विनोदी आहेच. पण धर्माचरण आणि दारिद्र्याविषयीची बेपर्वाई यांचा सांधा तुकारामांनी जितका बिनचूक येथे दाखविला तितका अन्यत्र क्वचितच. छोट्या अभंगाच्या मोकळ्या चालीत ही कथा धावते. आवा यात्रेला निघते आणि वेशीपासूनच परत येते, हे धृपदातच सांगून टाकले आहे. म्हणजे कथेत उत्कंठा शिल्लक ठेवलेली नाही. श्रोत्याचे सगळे लक्ष निघतानाच्या सूचनांकडे लागते. सासू सुनेला बजावते: दूधदही खर्चू नकोस, फुटके भांडेसुद्धा जपून ठेव, लिंपून ठेवलेला साठा माझ्यावाचून फोडू नकोस, उखळ, मुसळ, जाते यांत माझा जीव गुंतला आहे. मग तीन सूचना अशा येतात की त्यांपुढे आधीच्या केवळ प्रस्तावना ठराव्यात. भिक्षेकरी घरी आला तर ती पंढरपुरास गेली आहे असे सांग. स्वतः बेताने खा. धान्य फार काढू नकोस.

येथे कवी एक शब्दही टीकेचा उच्चारीत नाही. सूचनांचा क्रमच टीका करतो. यात्रा हे पुण्यकर्म. त्या पुण्यकर्माचा पहिला प्रत्यक्ष उपयोग याचकाला नकार देण्यासाठी होतो. पंढरपूर हे भक्तीचे स्थान राहत नाही, एक सबब होते. आणि ती सबब सुनेच्या तोंडून सांगावयाची आहे. लगेच पुढची सूचना त्याच सुनेच्या पोटावर येते. दारातला परका भुकेला आणि घरातली परकी मानलेली भुकेली अशी ही जोडी आहे, आणि दोघांच्या आड तीच एक यात्रा उभी केली आहे. मोजून खाण्याचा उपदेश एरवी संयमाचा, साधकाला शोभणारा. तो इथे दुसऱ्याला केला जातो. सद्गुणाचे शब्द जसेच्या तसे ठेवून केवळ बोलणारा आणि ऐकणारा बदलून त्यांचा अर्थ उघडा करण्याची ही किमया अलंकारशास्त्रातील कोणत्याही एका नावात नीट बसत नाही. वक्रोक्ती म्हणावी तर बोलणारी सासू पूर्ण प्रामाणिक आहे.

सुनेचे उत्तर तर कथनकौशल्याचा नमुनाच आहे. ती म्हणते, फार चांगले, सुखाने जा, मागची आशा सोडा. शब्द धर्मोपदेशाचे आहेत, पण सासूला त्यांत भलतेच ऐकू येते: ही मला घालवू पाहते. सुनेच्या मनात खरोखर काय आहे हे कवी सांगत नाही, आणि ते न सांगणे हेच योग्य आहे. मग आवा आपले मन वळविते. मुले, घर, दार हेच माझे पंढरपूर. हे वाक्य एखाद्या संताच्या तोंडी घातले तर उच्च अध्यात्म ठरावे; घरीच पंढरी पाहण्याचा उपदेश वारकरी परंपरेत आदरणीय आहे. येथे तेच वाक्य कोठाराच्या किल्लीसाठी उच्चारले गेले आहे. शेवटी ‘तुका म्हणे’ या मुद्रेसह येणारा अभिप्राय अगदी सौम्य आहे: लोक असे मायेत गुंतले आहेत, एवढेच. काही वाचकांना हा समारोप कथेच्या मानाने फिका वाटतो. तो मुद्दाम फिका आहे असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. कथेने निकाल दिलेला असताना मुद्रेने आवाज चढविला असता तर श्रोत्याला आवेवर हसून मोकळे होता आले असते. सौम्य शब्दांमुळे ‘असे लोक’ या वर्गात तोही येऊन बसतो.

या ठिकाणी एकनाथांच्या भारुडांशी तुलना उद्बोधक होते. पैठणच्या नाथांनी (१५३३–१५९९) दंभस्फोटासाठी सोंगाचा आश्रय केला. महार, वाघ्या, जोशी, वासुदेव अशा पात्रांच्या मुखाने ते बोलतात. विशेषतः जोहाराच्या रचनांत गावकामगार महार पाटील-कुळकर्ण्यांना मुजरा करून गावचा हिशेब सादर करतो, आणि त्या हिशेबात देहरूपी गावाचा कारभार उघडा पडतो. शूद्रातिशूद्राच्या तोंडी ब्रह्मज्ञान घालण्यात जे धाडस आहे ते सोळाव्या शतकात सामान्य नव्हते. परंतु भारुडाचे रूपक नेहमी आत वळते: गाव म्हणजे देह, पाटील म्हणजे जीव, आणि थकबाकी म्हणजे कर्म. बाहेरच्या गावातील खरी थकबाकी रूपकात विरघळून जाते. तुकारामांची आवा कोणाचेही रूपक नाही. तिचे जाते हे जातेच आहे, आणि तिच्या दारातला भिक्षेकरी जीवात्मा नव्हे. एकनाथ विद्वान ब्राह्मण असल्यामुळे त्यांना खालच्या थरात उतरण्यास सोंग लागले, तुकाराम तेथेच होते म्हणून त्यांना ते लागले नाही, असे स्पष्टीकरण सुचते. ते अगदी चूक नाही, पण पुरेसेही नाही. दोघांच्या मध्ये १६३० चा दुष्काळ पडलेला आहे. त्यानंतर धान्याच्या कोठाराचा अध्यात्मपर अर्थ लावणे कठीण झाले असावे.

कीर्तनाच्या आचारसंहितेविषयीचा तुकारामांचा अभंगही याच संदर्भात वाचला पाहिजे. जेथे कीर्तन करावे तेथे अन्न घेऊ नये, बुक्का लावून घेऊ नये, माळ घालून घेऊ नये, असे नियम त्यात आहेत. ते सर्वांना माहीत असतात. त्यांतील शेवटचा नियम मात्र अनेकदा गाळला जातो: तट्टासाठी किंवा बैलासाठी दाणा-वैरण मागू नये. हा तपशील उपदेशकाच्या कल्पनेतून निघणारा नव्हे. ज्याने कीर्तनकाराला गावात उतरताना पाहिले, स्वतःचे जेवण त्याने नाकारले म्हणून गावाने धन्यता मानली, आणि मग त्याच्या जनावराला पोटभर दाणा घालताना ज्याच्या पोटात गोळा उठला, असाच मनुष्य हे कलम घालील. दंभ नेहमी नियमाच्या कडेने आत येतो, ही जाण त्यात आहे. कथा करून द्रव्य घेणारा व देणारा या दोघांनाही तुकारामांनी एकाच नरकात बसविले आहे. व्यापाऱ्याला ठाऊक असते की खोट्या सौद्याला दोन पक्ष लागतात.

राजसत्तेविषयी तुकाराम मौन पाळतात, त्यांचा रोख केवळ गावच्या भोंदूंवर आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. आचार सोडलेल्या द्विजांवरील त्यांचा अभंग पाहिला म्हणजे तो पूर्णपणे टिकत नाही. टिळा लपवून विजार घालणारे, तक्तावर बसून लोकांना अन्नावाचून पिडणारे, मुदबखाच्या याद्या लिहिणारे, तेल-तूप-साबणाच्या उठाठेवी करणारे आणि चुकले की मार खाणारे हे ब्राह्मण कारकून आदिलशाही-निजामशाही दफ्तरांतले आहेत, यात शंका नाही. शब्दयोजनेनेच ते सिद्ध होते. ‘तक्त’, ‘विजार’, ‘मुदबख’, ‘साबण’ हे फारसी-अरबीतून आलेले शब्द अभंगात एकामागून एक येतात आणि सोवळ्या भाषेत बोलणाऱ्या वर्गाचे खरे दैनंदिन बोलणे ऐकू येऊ लागते. राजा प्रजेला पीडितो हेही त्यात सांगितले आहे. कलियुगातील संतांवरील अभंगातील तंबाखूची नळी हा असाच तपशील. तंबाखू ही पोर्तुगीजांमार्फत आलेली वस्तू. असद बेगाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली ती १६०४ च्या सुमारास. तुकारामांच्या बालपणी ती नवी चैन होती. पुराणातील ठरीव कलिवर्णनात हा एक ताजा धूर सोडून दिल्याने ते सगळे वर्णन कालचे, शेजारच्या मठातले होऊन जाते.

तथापि याच अभंगावरून तुकारामांना आजच्या अर्थाने समाजसुधारक ठरविणाऱ्यांनी थोडे थांबावे. द्विजांनी नीचाची चाकरी पत्करली, वर्णाचा आचार बुडाला, ही खंत त्यात स्पष्ट आहे. उपाशी लोकांना पिडणे आणि आचार सोडणे हे दोन दोष ते एकाच ओळीत मांडतात. पहिला आपल्याला जितका मोठा वाटतो तितका दुसरा वाटत नाही, हा फरक आपल्या काळाचा आहे. दोन्ही दोष त्यांच्या दृष्टीने एकाच बिघाडाचे होते: ज्याने जे द्यावयाचे ते त्याने दिले नाही. हा विचार जुन्या व्यवस्थेच्या चौकटीतला आहे, आणि त्याची धार तरीही कमी होत नाही.

उरते ती सर्वांत अवघड गोष्ट. याच तुकारामांनी आपले दिवाळे निघाले हे बरे झाले, दुष्काळाने पीडा केली हे बरे झाले, बायको मेली, लोकांत अपमान झाला, तेही बरेच झाले, असा एक अभंग रचलेला आहे. राजवाड्यांच्या मताचे अभ्यासक नेमके येथे बोट ठेवतात: दारिद्र्याला ईश्वरी कृपा म्हणणारा कवी दारिद्र्याविषयीची बेपर्वाई कशी उघडी पाडणार? आक्षेप सबळ आहे. पण तो व्याकरणाकडे दुर्लक्ष करतो. त्या अभंगातील प्रत्येक ‘बरे झाले’ हे प्रथमपुरुषी आहे. माझे दिवाळे, माझा अपमान, माझा संसार. दुसऱ्याच्या भुकेला बरे म्हणणारा चरण त्यात नाही. पत्नीच्या मृत्यूचा उल्लेख तेवढा या सीमेवर उभा आहे आणि वाचकाला तो बोचल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच आत्मचरित्रपर अभंगातील तिची अन्नाची हाक त्याच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे. स्वतःच्या दारिद्र्याचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्याचा त्याला. दुसऱ्याच्या दारिद्र्याचा असा अर्थ लावणे, त्याला कर्म, प्रारब्ध किंवा देवाची परीक्षा म्हणून वाटेला लावणे, हे आवेने भिक्षेकऱ्याला सांगावयास लावलेल्या निरोपाहून वेगळे नाही. तुकारामांच्या दंभस्फोटाच्या साऱ्या रीती या एका भेदावर उभ्या आहेत, आणि त्यांचा प्रथमपुरुष व द्वितीयपुरुष यांचा वापर या दृष्टीने तपासला तर तो जवळजवळ कोठेही ढळलेला दिसत नाही.

चरित्रातील एक प्रसंग या भेदाशी विलक्षण जुळतो. दुष्काळानंतर डोंगरावरून परतलेल्या तुकारामांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. महिपतीने हा प्रसंग रंगविला आहे आणि चित्रपटांनी तो आणखी रंगविला. पण मूळ परंपरेत एक तपशील आहे तो सहसा सांगितला जात नाही. सगळी खते बुडविलेली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांनी आपल्या लेकराबाळांचा विचार सांगितला तेव्हा खतांचे दोन सारखे वाटे केले गेले. आपल्या वाट्याची खते तुकारामांनी पाण्यात सोडली. कान्होबांच्या वाट्याची खते त्यांनी कान्होबांच्या हाती दिली.